मिक्सरला टोली कळत नाही

गळा गेला की माणसाने गप्प बसावं, हा नियम आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. फक्त जो तो हा नियम दुसऱ्याच्या गळ्याला लावतो. माझ्या गळ्याला तो लावायची वेळ झाली आहे, असं गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या दंडार मंडळाचे अध्यक्ष सेवकराम यांना वाटलं, आणि ते माझ्या ओसरीवर येऊन बसले.

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुपारी दंडार होते, म्हणजे नाच, गाणं, सोंगं, सगळं उभ्या उभ्या. दंडारीच्या सुरुवातीला गण असतो आणि वरच्या टोलीचा, म्हणजे गावातल्या वरच्या वस्तीचा, गण मी म्हणतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून म्हणतो. अक्षरं मला फार उशिरा भेटली, पोरीच्या लग्नाची बोलणी चालली होती त्या सुमारास, रात्रीच्या वर्गात. त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात कोणाकडून वाचून घ्यावी लागली नाही अशी माझ्याजवळ एकच वस्तू होती, ती हा गण. त्यामुळे सेवकराम जे मागायला आले होते ते काही लहान नव्हतं.

"गोपीचंदभाऊ," ते म्हणाले, "तुमचा गळा आता आरामाले लायक झाला."

"काहून? काय झालं गळ्याले?"

"मागच्या साली मागच्या चटईवरचे लोक म्हणत होते, बुढा जांभया देऊन राहिला. गण चालू आहे हे त्यायले ढोलकीवरून समजलं."

मग त्यांनी हळूच आपल्या भाच्याचं, अमरचं नाव काढलं. हा अमर मोबाईलसमोर गातो आणि मोबाईल त्याचा आवाज गोड करून देतो. मी म्हटलं, यंत्राने गोड करायचा तर माझाच करू. सेवकरामने अट घातली: गण शेवटच्या चटईपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला, तर पुढच्या मंडईपासून अमर.

त्या दिवसापासून माझ्या बायकोने, ताराबाईने, मला रोज सकाळी अडुळसा, जेष्ठमध आणि मिरे यांचा काढा सुरू केला. तो इतका कडू होता की पिताना मला गणातले सगळे देव एकदम आठवत.

तारेचा माइक आमच्याकडे होता. पण दंडारीत फेर धरावा लागतो, आणि मागच्या वर्षी दुसऱ्याच फेरात ती तार माझ्या पायांना, माझ्या पायांवरून ढोलकीवाल्याला, आणि ढोलकीवाल्यावरून मांडवाच्या खांबाला गुंडाळली गेली होती. म्हणून कॉलरला लावायचा बिनतारी माइक आणावा असं ठरलं. आणायला आमचे जावई राजकुमार यांना धाडलं. ते चिखल्याला खाणीवर विजेच्या कामाला आहेत. ज्याला बटण आहे ते सगळं त्यांना समजतं असा आमच्या घरात समज आहे, आणि त्यांनीही तो कधी मोडला नाही. नागपूरहून त्यांनी एक डबीएवढा माइक आणि एक शिंगं असलेली पेटी आणली. माइक आवाज हवेत सोडतो, पेटी तो पकडून भोंग्याला देते.

पहिल्या तालमीला समाजमंदिरात सगळी टोली जमली. मी डोळे मिटून सुरुवात केली:

"आधी नमन तळ्याच्या पाळीला, मग नमन गणा तुझ्या चरणाला..."

आणि भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "अबे, भजे आणले का नाई? का मीच येऊ आणाले?"

आवाज खुशालचा होता.

खुशाल माझा पुतण्या. खालच्या टोलीचा. हा गण मीच त्याला शिकवला, ओळ न ओळ, कुठे श्वास घ्यायचा तेही. पूर्वी दोन्ही टोल्यांचं मंडळ एकच होतं. मग एका मंडईत पाहुण्याने शाल आधी कोणाच्या खांद्यावर टाकायची यावरून वाद झाला. शाल तशीच पाहुण्याच्या हातात राहिली, तो ती घेऊन घरी गेला, आणि मंडळाची दोन मंडळं झाली. तेव्हापासून खुशाल तिकडे माझाच गण म्हणतो आणि रस्त्यात भेटला की मान खाली घालून "काकाजी" म्हणतो.

खालच्यांनीही तसाच बिनतारी माइक आणला आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी भोंग्यातून भजी आली, चटणी आली, उशिरा आलेल्या कोणाला तरी दोन शिव्या आल्या. माझा आवाजही होता, पण भज्यांच्या पिशवीत कागद असतो तसा.

आता सल्ले सुरू झाले. आमच्या गावात ताप आलेल्या माणसाला सल्ला द्यायला दोघे येतात, बिघडलेल्या यंत्राला अख्खी टोली येते. एकाने पेटीला चांदीचा कागद गुंडाळायला सांगितला. गुंडाळला, तर पेटी लग्नातल्या बर्फीसारखी दिसू लागली आणि खुशालचा आवाज तेवढाच राहिला. दुसऱ्याने माइकचं तोंड पूर्वेकडे ठेवायला सांगितलं. फेर धरून नाचणाऱ्या माणसाने ते कसं ठेवावं हे मात्र सांगितलं नाही. जावई म्हणाले, पेटीला चार दिवस आराम द्या. सेवकराम म्हणाले, ही खालच्या टोलीची करणी आहे, ठाण्यात तक्रार द्यावी लागते.

आम्ही गेलो. हवालदाराने विचारलं, "चोरीले काय गेलं?"

"गेलं नाही काही," मी म्हटलं. "उलट आलं. त्यायचा आवाज आमच्या पेटीत आला."

"आलेल्या मालाची तक्रार पहिल्यांदा पाहून राहिलो." मग त्याची नजर पेटीच्या शिंगांवर गेली. "हे बिनतारी आहे ना? याचं ना-हरकत आहे का?"

तक्रार द्यायला गेलेले आम्ही आरोपी होऊन बाहेर पडलो. ना-हरकत मागायला ग्रामपंचायतीत गेलो, तर तिथे म्हणाले, आधी ठाण्याचं ना-हरकत आणा. ठाणं म्हणालं, आधी ग्रामपंचायतीचं. सेवकराम इकडून तिकडे इतके फिरले की शेवटी दोन्हीकडचे लोक त्यांना तिकडचे समजू लागले आणि तिकडचे निरोप त्यांच्याचजवळ देऊ लागले. अखेर दोन्हीकडच्यांनी सांगितलं, की तुमच्या या वस्तूला आमची हरकत आहे की नाही हे आम्हालाच माहीत नाही, तेव्हा वाजवा.

शेवटी कोणीतरी कृष्णराव सायबांचं नाव सुचवलं. हे पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलगा फॅक्टरीत, म्हणून जवाहरनगरला त्याच्या क्वार्टरमध्ये राहतात. मी, सेवकराम आणि जावई असे तिघे गेलो. सूनबाईने पोहे आणले. सायबांनी पेटी उघडली, भिंग लावलं, आणि एका काळ्या ठिपक्यावर सुई ठेवून म्हणाले, "हा तुमचा गुन्हेगार. मिक्सर."

मिक्सर म्हटल्यावर चटणीवरून जो विनोद सुचतो तो सेवकरामने तिथल्या तिथे केला. सायब हसले नाहीत, त्यामुळे तो विषय संपला.

"आयका," सायब म्हणाले. "माइकमधून आवाज निघते तो एका उंच सुरावर बसून निघते. भलताच उंच. तेवढ्या उंचीवर त्याले चाळता येत नाही, पाखडता येत नाही. शेंड्यावरचा आंबा झाडावरच कापता येते का? खाली आणा लागते. म्हणून पेटीच्या पोटात पेटीचा आपला एक सूर सतत चालू असते. बाहेरून आलेला सूर आणि पोटातला सूर दोन्ही या मिक्सरमंधी टाकले, का त्यातून दोन नवे सूर निघतेत. एक दोघायची बेरीज, एक दोघायची वजाबाकी. बेरीज फेकून द्याची. वजाबाकी ठेवाची. ती खालच्या उंचीवर असते, आणि तुमचा आवाज तसाच तिच्यावर बसून राहते."

वजाबाकी हा माझा जुना आवडता विषय. रात्रीच्या वर्गात बेरीज सगळ्यांना येत होती; हातचा घेऊन वजाबाकी माझ्याइतकी कोणाला येत नव्हती. मी म्हटलं, "सायब, दोन एकताऱ्या जवळजवळ एका सुरात लावल्या का वाँव-वाँव असा एक तिसराच हेलकावा आयकू येते. तोच का?"

"त्याच घरचा आहे," ते म्हणाले. "पण एकताऱ्यात दोन सूर नुसते शेजारी बसतेत. मिक्सरमंधी ते एकमेकाच्या अंगावर जातेत. त्यासाठी मिक्सर थोडा वाकडा असा लागते. जे आलं तसंच पुढं देणारा सरळ माणूस मिक्सरच्या कामाचा नाही. त्याच्यातून नवीन काही पैदाच होत नाही."

सेवकरामने मान डोलावली. अध्यक्षपदाचं इतकं शास्त्रीय समर्थन त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"मंग खुशाल काहून येऊन राहिला?" मी विचारलं.

सायबांनी मला उलट विचारलं, "समजा तुमचं घर म्हणजे पेटीच्या पोटातला सूर. मी कोणाले म्हटलं, गोपीचंदच्या घरापासून पाच घरं सोडून जो राहते त्याले बोलवा. तं कोण येईल?"

"खुशाल," मी म्हटलं. आमचं घर दोन टोल्यांच्या सीमेवर आहे आणि खुशालचं घर खालच्या अंगाला पाच घरं सोडून.

"काहून खुशाल?" सेवकराम उसळले. "पाच घरं सोडून मी राहतो! वरच्या अंगाले!"

"दोघंही येतीन," सायब म्हणाले. "वजाबाकी दोघायची सारखीच. तुमचा माइक पेटीच्या सुराच्या एका बाजूले, खुशालचा तेवढाच दुसऱ्या बाजूले. मिक्सरले अंतर समजते. टोली नाही समजत."

इतकं स्पष्ट मला त्या शालीच्या भांडणातही कोणी समजावलं नव्हतं.

"यावर एक सोपा इलाज आहे," सायब पुढे म्हणाले. "हे बटण दाबा. माइक आणि पेटी दोन्ही दुसऱ्या नंबरावर जातेत. खुशाल बरोबर पाच घरांवर राहणार नाही. गोष्ट खतम."

आम्ही तिघांनी वाकून बटण पाहिलं. मग सेवकराम म्हणाले, "आम्ही काहून हलू? हलाचं तं त्यानं हलावं."

मला वाटतं, देशातले बरेचसे मोठे खर्च असेच सुरू होत असावेत.

"मंग चांगला मिक्सर निवडा लागते," सायबांनी चष्मा पुसला. निवृत्त माणसाला इतके श्रोते रोज मिळत नाहीत. "मिक्सर जावयासारखा पारखून घ्यावा. पयलं पाहावं, खाते किती. जेवढं टाकलं तेवढं कोणताच मिक्सर परत देत नाही. काही तं चारातले तीन हिस्से स्वतःच खातेत आणि एक पुढं देतेत."

जावई पोह्यांची तिसरी बशी घेत होते. त्यांचा चमचा थांबला.

"दुसरं, ढकला किती लागते. पोटातल्या सुराचा धक्का बसल्याशिवाय मिक्सर कामच करत नाही. काहीले हलकासा पुरते, काहीले पाठीत रट्टा दिल्याशिवाय ते उठतच नाहीत."

"कोणाबद्दल बोलून राहिले?" जावयांनी विचारलं.

"मिक्सरबद्दल. तिसरं, घरातलं बाहेर सांगते का. पोटातला सूर मागच्या मागं शिंगातून बाहेर गळला, का शेजाऱ्याच्या पेटीत कटकट होते. चौथं, कोणी मोठ्यानं बोललं तं डगमगते का. जवळून जोराचा आवाज आला का हलका मिक्सर गडबडते आणि जे कोणी बोललंच नाही ते बडबडाले लागते."

जावयांनी बशी खाली ठेवली. मी घाईने विषय बदलावा म्हणून म्हटलं, "आणि पाचवं?" ही माझी चूक झाली.

"पाचवं, बाहेरगावी चालते का. काही मिक्सर आपल्याच गावात शेर."

परतीच्या बसमध्ये जावई खिडकीबाहेर बघत होते. लाखनी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. चिखल्याला पोचल्यावर मात्र बोलले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या पोरीचा, शालूचा फोन आला, "बाबा, मिक्सर मिक्सर करून तुम्ही लोकायनं यायले काय काय म्हटलं?"

त्याआधी सायबांनी आम्हाला निवड करून दिली होती. आमच्यासाठी त्यांनी हुशार जातीचा मिक्सर सांगितला. त्याच्या एका अंगात दोन मिक्सर असतात. दोघांनाही तोच आवाज मिळतो, पण पोटातला सूर एकाला जरा मागून मिळतो. मग दोघांची साक्ष एकत्र केली की एका बाजूच्या पाचव्या घराबद्दल दोघे एकच बोलतात, आणि दुसऱ्या बाजूच्या पाचव्या घराबद्दल एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, म्हणून ते घर खोडलं जातं. "कोणतं घर ठेवाचं आणि कोणतं खोडाचं," सायब म्हणाले होते, "हे दोन टोकं कुठं जोडता त्याच्यावर आहे. उलटे जोडले तं उलटं होते." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पेटी तिथेच ठेवून निघताना सेवकराम सायबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "खालच्या टोलीले समजू देऊ नका."

"माझ्या पोटात राहील," सायब म्हणाले. त्यांच्या पोटात आणखी काय काय होतं ते आम्हाला पुढे कळलं.

मिक्सर कुरियरने आला, नेमका जावयांची समजूत काढायला आम्ही त्यांना जेवायला बोलावलं होतं त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. पाकिटात पाकीट, त्यात डबी, डबीत चिकटपट्टी, आणि पट्टीवर सालाच्या उडदाच्या दाण्याएवढी काळी वस्तू. उडदाची उपमा मी उगाच दिलेली नाही. ताराबाई शेजारी सुपात वड्यांसाठी काळे उडीद निवडत बसली होती. मी पट्टी ओढली, वस्तू उडाली, आणि सुपात गेली.

सूप स्तब्ध. मी स्तब्ध. ताराबाई म्हणाली, "हलू नका."

उजेडात नेऊन बघितलं. सगळे दाणे काळे, सगळे चकचकीत. मी चष्मा लावून एक एक दाणा उलटा करू लागलो, आणि प्रत्येक दाण्याला पाय असल्यासारखे दिसू लागले. सेवकराम बातमी ऐकून आले आणि म्हणाले, सगळे उडीद सायबाकडे पाठवा, तो ओळखेल.

"कायले?" ताराबाई म्हणाली. तिने सगळे उडीद पातेल्यात ओतले आणि वरून पाणी सोडलं. "अजी, सकाळी पाहा. जो फुगणार नाही तो तुमचा."

सकाळी न फुगलेले दोन निघाले. एक खडा होता. दुसऱ्याला उन्हात वाळवून, कापसात घालून मी स्वतः जवाहरनगरला पोचवलं. आंघोळ झाली आहे, हेही सांगितलं. सायब म्हणाले, चालते. संध्याकाळी जावयांनी वडे खाल्ले. प्रत्येक वडा ते आधी दोन तुकडे करून बघत होते.

मंडईच्या दिवशी सकाळी पेटी घरी आली. सेवकरामने तिला झेंडूचा हार घातला आणि कुंकू लावलं. जावयांनी माइक हातात घेतला, छाती फुगवली आणि "हॅलो" मधला "हॅ" काढला, इतक्यात सेवकराम त्यांच्या अंगावर धावले.

"जावईबापू! काय करून राहिले!"

"टेस्टिंग."

"गणाच्या अगोदर? नव्या वाद्याच्या तोंडून पहिला शब्द देवाचा निघा लागते. ढोलकी नवी मढवली तरी पहिली थाप गणाची. मागच्या चार पिढ्यांत आमच्या मंडळात कोणी देवाले हॅलो नाही म्हटलं."

"पण चालते का नाही ते पाहाव..."

"देवाच्या नावानं चालणार नाही तं कोणाच्या नावानं चालीन?"

हे आमच्या टोलीला पटलं. नवा मिक्सर म्हणजे नवं वाद्य, हेही सर्वांना पटलं. माइक माझ्या कॉलरला बसला तो मुका, आणि पेटी मांडवात गेली ती मुकी. मी सकाळपासून खोकत होतो. ताराबाईने काढ्याचा दुसरा पेला दिला.

मैदानाच्या एका टोकाला आमचा मांडव, दुसऱ्या टोकाला खालच्या टोलीचा. मधे जिलेब्या, बांगड्या, आकाशपाळणा, आणि सगळ्या पंचक्रोशीची माणसं. कोणी आधी सुरुवात करायची याचं भांडण नको म्हणून पंचांनी ठरवलं होतं, देवळावर झेंडा चढला की दोन्हीकडे एकदम गण. शेवटच्या चटईवर सेवकरामने अमरला बसवलं होतं. ऐकायला, असं ते म्हणाले.

झेंडा चढला. ढोलकीवर थाप पडली. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "आधी नमन..."

आणि भोंग्यातून जो आवाज निघाला तो ऐकून मी डोळे उघडले. भरदार, मोकळा, तळ्यावरून वारा यावा तसा. मांडवाचं कापड हललं. शेवटच्या चटईवर अमर ताठ बसला. क्षणभर मला खरंच वाटलं, की काढा लागू पडला.

मग पाळीच्या ओळीवर श्वास आला, आणि तो मी घेतला त्याच्या किंचित आधी आला. हा श्वास मी ओळखतो. याच जागी घ्यायला मीच शिकवला आहे.

भोंग्यातून खुशाल गात होता. एकटा. माझा आवाज त्यात औषधालाही नव्हता.

काय करायचं? गण अर्ध्यात सोडायचा नसतो. मी तोंड हलवत राहिलो, फेर धरत राहिलो. दुसऱ्या कडव्यात मला खोकल्याची अशी उबळ आली की मी वाकून गुडघे धरले. आणि मी वाकलेला असताना भोंग्यातून गणाची सर्वांत लांब तान उठली, आकाशपाळण्याच्या वर गेली, आणि सावकाश उतरली. लोक उभे राहिले. पुढच्या रांगेत एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पाह्य. तोंडानं खोकून राहिला आणि पोटातून गाऊन राहिला. याले म्हणतेत साधना!"

गण संपताच मंडळाने तिथल्या तिथे ठराव केला, की गोपीचंदभाऊ जिवंत असेपर्यंत गण त्यांचाच. सेवकरामने अमरला माझ्या पायांवर घातलं. मला बोलायला सांगितलं. मी खरं तेच बोललो. माइक काढून, माझ्या खऱ्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "भाऊहो, हा आवाज माझा नव्हता. खुशालचा होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेवकराम डोळे पुसत म्हणाले, "शिकवलेल्या पोराले मोठेपणा देऊन राहिले. असा मनाचा माणूस पाहाले भेटत नाही."

मला अक्षरं उशिरा आली, पण बोलायला तरी वेळेवर आलं होतं असं मी आजवर समजत होतो.

मैदानाच्या त्या टोकाला काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. खुशाल नेहमीसारखा छाती काढून उभा राहिला, हात वर केला, आणि त्याच्या भोंग्यातून घोगरा, थकलेला, कफाने भरलेला गण निघाला. लांब तानेच्या जागी खोकला निघाला. त्यानेही नंतर खरं सांगितलं, की हा आवाज काकाजींचा होता. त्याचे लोक म्हणाले, स्वतःचा गळा बसला आणि बुढ्यावर ढकलून राहिला, शरम वाटली पाहिजे.

कृष्णराव सायब मंडईला आले होते. जिलेबीच्या दुकानामागे मी त्यांना गाठलं. खुशाल दुसऱ्या बाजूने आला. सायबांनी दोघांकडे पाहिलं, आणि त्यांच्या पोटातलं बाहेर आलं. खालच्या टोलीच्या पेटीतही वरच्या टोलीची तालीम ऐकू येत होती. तेही त्यांच्याकडेच गेले होते. त्यांनाही बटण दाखवलं होतं, तेही म्हणाले होते, आम्ही काहून हलू. त्यांनीही कानात सांगितलं होतं, वरच्या टोलीला समजू देऊ नका. सायबांनी दोन्ही पेट्यांत तोच हुशार मिक्सर बसवला, एकाच बैठकीत, अगदी सारख्या हाताने.

"टोकं?" मी विचारलं.

"उलटे जोडले गेले वाटते," सायब म्हणाले. "पण दोन्हीकडं सारखेच उलटे. मी पक्षपात केला नाही."

म्हणजे आमच्या पेटीने नेमकी माझी बाजू खोडली होती आणि खुशालची ठेवली होती. खालच्या पेटीने खुशालची खोडून माझी. चूक इतकी तंतोतंत होती की मिक्सरच्या निवडीत कोणाला खोट काढता आली नसती.

पेटी उघडून टोकं फिरवायला सायब तयार होते. पण आमची पेटी आता सेवकरामच्या देवघरात आहे. तिला कोणी हात लावायचा नाही, कारण ती शुभ आहे. खालच्यांची पेटीही कुलपात आहे. तिला कोणी हात लावायचा नाही, कारण पेटी चांगली आहे, गळाच खराब आहे, असं त्यांच्या मंडळाचं मत पडलं आहे. पुढच्या मंडईला दुसरा गळा बघायचं त्यांच्यात चाललंय.

घरी काय झालं तेही सांगतो. ताराबाईने दुसऱ्याच दिवशी काढा बंद केला. "आता कायले? गळा तं शेंड्यावर गेला तुमचा," म्हणाली. मी खोकलो की म्हणते, नाटकं करू नका. उरलेला अडुळसा आणि जेष्ठमध तिने खुशालच्या बायकोला, निर्मलाला, नेऊन दिला. ठणठणीत गळ्याचा खुशाल आता रोज सकाळी तो काढा पितो. निर्मला पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी असते.

परवा तो तळ्याच्या पाळीवर भेटला. मान खाली होती, पण त्या दिवशी ती रागाने नव्हती.

"काकाजी, मले गणावरून काढून राहिले."

"मालूम आहे."

"तुमच्या गळ्यापायी."

"तेही मालूम आहे."

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाला, "पेट्यायले कोणी हात लावू देत नाही. पण माइक तं आपल्याजवळच आहेत. आपण माइकच बदलून घेतले तं?"

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. त्याच्या माइकमधून मी बोललो तर आमची उलटी पेटी त्याच माइकची बाजू ठेवणार, आणि आमच्या भोंग्यातून माझाच आवाज निघणार. त्याच्या भोंग्यातून त्याचा. हातचा घ्यायचीही गरज नव्हती. जन्मभराचा ठराव त्या दिवशी मोडेल, हेही त्याच वजाबाकीत आलं.

"जिवंत असेपर्यंत गण माझा, असं ठरलं आहे आमच्यात," मी म्हटलं.

"हाव. आयकलं." तो इतकंच म्हणाला. तोंडाला अडुळशाचा वास येत होता.

मी घरी गेलो, कपाटातून माइक काढला आणि धोतराच्या कनवटीला लावून परत पाळीवर आलो. आम्ही डब्या बदलल्या. दिसायला दोन्ही सारख्याच. दोन उडीद असावेत तशा.

पुढच्या मंडईला आमच्या भोंग्यातून माझाच खोकला निघेल. सेवकराम म्हणतील, बुढ्याचा गळा एका वर्षात गेला, आणि अमर शेवटच्या चटईवरून उठून पुढे येईल. येऊ दे. त्याला श्वास कुठे घ्यायचा ते सांगावं लागेल, आणि ते मोबाईलला येत नाही. माझा काढाही मला परत मिळेल.

तोवर तो खुशाल पितो आहे.